रिप्लाय देणारी फर्स्ट लेडी

या पुरवणीत इंटर्न म्हणून आले तेव्हा वाटलं होतं, पहिल्याच आठवड्यात झकास बायलाइन मिळेल. मिळाला काय, तर इनबॉक्स. वाचकांचे मेल उघडायचे, वाचायचे आणि कामाचे वेगळे काढायचे. बरेचसे मेल कविता, कॉलेज फेस्टची निमंत्रणं आणि माझा लेख कधी छापणार या छापाचे. पण एक मेल तसा नव्हता. दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीने लिहिलं होतं की घरी अडचण आहे, पुढच्या सेमिस्टरची फी भरता येईल असं वाटत नाही, कुणाला विचारायचं तेवढं सांगाल का? तो मेल मी तीन वेळा वाचला आणि बंद करून टाकला. मी काय उत्तर देणार? माझ्या हातात आहे तरी काय?

त्याच आठवड्यात एलेनॉर रूझवेल्ट यांच्याविषयी वाचत होते आणि तिथे अडकलेच. कारण मला पडलेला प्रश्न या बाईंना आयुष्यभर पडत राहिला, आणि तोही एका मेलपुरता नाही. १९३३ या एकाच वर्षात त्यांच्याकडे सुमारे तीन लाख पत्रं आली होती.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची बायको, तिला काय कमी? गंमत तिथेच आहे. फर्स्ट लेडी हे काही पद नव्हे. त्याला पगार नाही, घटनेत अधिकार नाहीत. निवडून येतो नवरा. बायकोने पाहुण्यांशी हसून बोलावं, चहा-पार्टीला नीट उभं राहावं, एवढीच अपेक्षा. एलेनॉरबाईंकडे सत्ता नव्हती, पण त्यांच्या पत्त्यावर पोस्टमन यायचा. त्यांनी त्या टपालाचं काय केलं, आणि त्या टपालाने त्यांचं काय केलं, याची ही गोष्ट.

वडिलांची पत्रं

एलेनॉरचा जन्म न्यूयॉर्कचा, ११ ऑक्टोबर १८८४चा. घर श्रीमंत, नाव मोठं. काका थिओडोर रूझवेल्ट पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. पण त्या घरात ही मुलगी रमलीच नाही. आई देखणी म्हणून गाजलेली, मुलगी गंभीर आणि लाजाळू. आई तिला सगळ्यांदेखत आजीबाई म्हणून चिडवायची. तुमच्या दिसण्यावरून घरातच कुणी शेरा मारला असेल, तर तो किती वर्षं कानात राहतो हे वेगळं सांगायला नको.

वडील एलियट मात्र तिचे लाडके. पण ते दारूच्या आहारी गेलेले, त्यामुळे घरापासून दूर ठेवलेले. लेकीसाठी उरली ती त्यांची पत्रं. आपण दोघं पुन्हा एकत्र राहू, अशी स्वप्नं ते त्यात रंगवायचे. १८९२मध्ये घटसर्पाने आई गेली आणि १८९४मध्ये वडीलही गेले. दहा वर्षांची होण्याआधीच एलेनॉर पोरकी झाली आणि आजीकडे वाढली. वडिलांची पत्रं तिने आयुष्यभर जपली. व्हाइट हाउसमध्ये राहायला गेली त्या सुमारास तिने वडिलांची शिकारीच्या दिवसांतली पत्रं संपादित करून पुस्तक काढलं. कागदाचा एक तुकडा एकट्या पडलेल्या माणसाला किती वर्षं पुरतो, हे तिला कुणी शिकवायची गरजच नव्हती.

पंधराव्या वर्षी तिला इंग्लंडला, लंडनजवळच्या अ‍ॅलन्सवुड नावाच्या शाळेत धाडलं. मुख्याध्यापिका मारी सुवेस्त्र या फ्रेंच बाई, कडक आणि स्वतंत्र विचारांच्या. पुस्तकातलं जसंच्या तसं ओकणारी मुलगी त्यांना खपायची नाही, तुला स्वतःला काय वाटतं ते बोल असा त्यांचा आग्रह. तीन वर्षांत या लाजाळू पोरीला आवाज सापडला. न्यूयॉर्कला परतल्यावर तिच्या वर्तुळातल्या मुली पार्ट्यांत रमल्या असताना ती शहराच्या गरीब वस्तीत, रिव्हिंग्टन स्ट्रीटवरच्या एका सेवाकेंद्रात मुलांना शिकवायला जाऊ लागली.

सुटकेसमधली पत्रं

१७ मार्च १९०५ रोजी तिचं दूरच्या नात्यातल्या फ्रँकलिन रूझवेल्टशी लग्न झालं. राष्ट्राध्यक्ष असलेल्या काकांनी कन्यादान केलं म्हणा ना. पाहुण्यांचा घोळका काकांभोवती आणि नवरा-नवरी बाजूला, असं ते लग्न. पुढची दहा-अकरा वर्षं म्हणजे सहा बाळंतपणं. त्यातलं एक बाळ वर्षाच्या आत गेलं. सासूबाई सारा यांचा संसारावर पूर्ण ताबा. त्यांनी न्यूयॉर्कमध्ये दोन जोडघरं बांधली. एक स्वतःला, एक मुलाला, आणि मधल्या भिंतीत ये-जा करायला दारं! सासू कधी कुठल्या दारातून आत येईल याचा नेम नाही. हे दृश्य आपल्या मालिकांतही शोभून दिसलं असतं.

१९१८मध्ये फ्रँकलिन युरोपच्या दौऱ्याहून आजारी पडून परतला. त्याचं सामान लावताना एलेनॉरच्या हाती पत्रांचा एक गठ्ठा लागला. तिचीच पूर्वीची सेक्रेटरी ल्यूसी मर्सर हिने फ्रँकलिनला लिहिलेली प्रेमपत्रं. एलेनॉरने घटस्फोटाची तयारी दाखवली. तो झाला नाही. मुलं, सासूबाई, फ्रँकलिनचं राजकारण, कारणं अनेक होती. पण त्यानंतर नातं उरलं ते जोडीदारांचं, नवरा-बायकोचं नव्हे.

आणि मग ऑगस्ट १९२१. सुट्टीवर असताना एकोणचाळीस वर्षांच्या फ्रँकलिनला पोलिओ झाला. पाय कायमचे गेले. आता त्याने गावी निवांत पडून राहावं, असं सासूबाईंचं मत. एलेनॉरबाई पहिल्यांदाच सासूच्या विरोधात ठाम उभ्या राहिल्या. फ्रँकलिनचा राजकीय सल्लागार लुई हाउ आणि त्या, दोघांनी मिळून ठरवलं की याचं नाव लोकांच्या तोंडी राहिलं पाहिजे. त्यासाठी एलेनॉरबाईंनी सभांना जायचं, बोलायचं. सुरुवातीला त्यांची घाबरगुंडी उडायची, आवाज चिरका व्हायचा आणि भलत्याच ठिकाणी हसू यायचं. हाउ मागच्या रांगेत बसून ऐकायचा आणि नंतर चुका सांगायचा. प्रेझेंटेशनच्या आधी तुमचे हात थरथरत असतील, तर हे लक्षात ठेवा. त्या वेळी त्यांचं वय सदतीस-अडतीस होतं.

नवऱ्यासाठी म्हणून सुरू केलेलं काम हळूहळू त्यांचं स्वतःचं झालं. स्त्री कामगारांच्या संघटना, पक्षाची महिला शाखा, स्वतःचं मासिक-लेखन. १९२७मध्ये मैत्रिणींबरोबर त्यांनी न्यूयॉर्कमधली टॉडहंटर ही मुलींची शाळा विकत घेतली आणि तिथे स्वतः शिकवलं. म्हणूनच १९३२मध्ये फ्रँकलिन राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकला तेव्हा त्यांना आनंदापेक्षा धास्ती जास्त वाटली. आपलं काम सुटणार आणि आपण पुन्हा कुणाची तरी बायको होणार, ही ती धास्ती.

लिहा मला

तो काळ महामंदीचा. अमेरिकेत दर चार कामगारांमागे एक बेकार. बँका बुडालेल्या, शेतं जप्त झालेली. ४ मार्च १९३३ला फ्रँकलिनचा शपथविधी झाला आणि दोनच दिवसांनी फर्स्ट लेडीने पत्रकार परिषद घेतली. असं आधी कुठल्या फर्स्ट लेडीने केलं नव्हतं. त्यात एक अट होती, प्रवेश फक्त बायकांना. मंदीत पहिली कुऱ्हाड बाई पत्रकारांच्या नोकरीवर पडत होती. आता फर्स्ट लेडीची बातमी हवी तर वृत्तपत्राला वॉशिंग्टनमध्ये निदान एक तरी बाई ठेवणं भाग! पत्रकारिता शिकणारी मुलगी म्हणून सांगते, कितीतरी मोर्च्यांनी झालं नसतं ते या एका अटीने केलं. पुढच्या बारा वर्षांत अशा जवळजवळ साडेतीनशे परिषदा झाल्या.

ही कल्पना सुचवणाऱ्यांत होती लॉरेना हिकॉक. नावाजलेली वार्ताहर आणि एलेनॉरबाईंची सगळ्यात जवळची मैत्रीण. बातमीचा विषयच मैत्रीण झाल्यावर तटस्थ कसं लिहायचं, या पेचात तिने वृत्तसंस्थेतली नोकरी सोडली आणि सरकारी मदत खात्यासाठी देशभर फिरून मंदीचे अहवाल लिहू लागली. दोघींनी एकमेकींना तीस वर्षांत तीन हजारांहून जास्त पत्रं लिहिली. १९७८मध्ये ती अभ्यासकांना खुली झाली. त्यात इतका जिव्हाळा आहे, की त्या नात्याला काय म्हणायचं यावर आजही वाद चालतो. वाद चालू दे. कोळसा खाणीतल्या मजुरांच्या झोपड्यांची हकिकत हिकॉककडून कळल्यावर एलेनॉरबाई स्वतः उठून वेस्ट व्हर्जिनियाला गेल्या, हे मात्र नक्की.

ऑगस्ट १९३३मध्ये एका महिला मासिकात त्यांचं पान सुरू झालं. पहिल्याच लेखात त्यांनी वाचकांना साधं आवाहन केलं, मला पत्र लिहा. तुमचं सुख, दुःख, अडचण, जे असेल ते कळवा.

आणि मग धरणाचे दरवाजे उघडावेत तसं झालं. पोत्यांनी पत्रं येऊ लागली. बेकार बापांची, विधवांची, शेतकऱ्यांची. आणि शाळा-कॉलेजातल्या पोरापोरींची. कुणाला थंडीसाठी जुना कोट हवा होता, कुणाला बूट. बूट नाहीत म्हणून शाळा बुडत होती. कुणाला लांबच्या शाळेत जायला सायकल, कुणाला पुस्तकं, कुणाला निरोपाच्या दिवशी घालायला चांगला ड्रेस. फुकट नको, परत करू, असं कितीतरी मुलं लिहायची. आणि बऱ्याच जणांची एक विनंती असायची, की माझं नाव पेपरात येऊ देऊ नका. गरिबीपेक्षा गरिबीची लाज जास्त टोचत होती. ती लाज आपल्यालाही ओळखीची आहे, नाही का? फी माफीचा अर्ज भरताना आपण कोण बघतंय का म्हणून आजूबाजूला पाहतो, तीच ही.

नकाराचं काय करायचं?

आता खरी गोष्ट सांगते, आणि ती गोड नाही. यातल्या बहुतेक मुलांना कोट मिळाला नाही. सायकलही मिळाली नाही. त्यांना मिळालं सेक्रेटरीच्या सहीचं नम्र पत्र. अशा खूप विनंत्या येतात, सगळ्यांना मदत करणं बाईंना शक्य होत नाही, त्यांना वाईट वाटतं, अशा आशयाचं. तीन लाख पत्रं आणि एक बाई, हिशेब जुळणारच नव्हता.

इथे गोष्ट संपली असती तर एलेनॉरबाई म्हणजे चांगलं मन असलेली श्रीमंत बाई, एवढंच उरलं असतं. पण त्यांनी त्या टपालाची व्यवस्था लावली. मॅल्विना थॉम्पसन, सगळ्यांची टॉमी, ही त्यांची सेक्रेटरी. तिच्यासह कर्मचारी पत्रं निवडायचे. ज्या पत्राचं काम एखाद्या सरकारी खात्याकडून होऊ शकेल ते तिकडे जायचं, फर्स्ट लेडीच्या कार्यालयातून आलंय म्हटल्यावर तिथे ते पहिल्यांदा उघडलं जायचं. काही पत्रं बाई स्वतः वाचायच्या आणि रात्री उशिरापर्यंत उत्तरं सांगत बसायच्या. आणि जी गोष्ट पुन्हा पुन्हा यायची तिची चिठ्ठी नवऱ्याच्या पलंगाशेजारच्या टोपलीत पडायची. दिवसभर देश चालवून झोपायला आलेल्या माणसाच्या उशाशी हा गठ्ठा! फ्रँकलिन वैतागायचेही. पण पायांनी फिरू न शकणाऱ्या त्या माणसाला देशात काय चाललंय ते अशा पत्रांतून आणि बायकोच्या डोळ्यांनीच कळत होतं.

एका कोटाची मागणी म्हणजे मदतीचा अर्ज. तशा हजारो मागण्या म्हणजे धोरणाचा पुरावा. मंदीत एक अख्खी पिढी शिक्षण सोडून रस्त्यावर येतेय, हे एलेनॉरबाई लावून धरत राहिल्या. २६ जून १९३५ला नॅशनल यूथ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ही यंत्रणा उभी राहिली, तिच्यामागे ज्यांचा रेटा होता त्यांत त्या आघाडीवर होत्या. योजना साधी होती. विद्यार्थ्याला कॉलेजातच अर्धवेळ काम द्यायचं, त्याच्या पैशातून त्याने शिकायचं. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने 'कमवा आणि शिका' चालते ना, तीच जातकुळी. आर्थर मिलर हा पुढे जगप्रसिद्ध नाटककार झाला. तो मिशिगन विद्यापीठात असताना प्रयोगशाळेतल्या उंदरांची देखभाल करायचा आणि त्याचे त्याला या योजनेतून महिना १५ डॉलर मिळायचे. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला रिचर्ड निक्सन कायदा शिकताना ताशी ३५ सेंटवर याच योजनेत राबला. १९४३पर्यंत ४० लाखांहून अधिक तरुणांना तिचा आधार मिळाला. कृष्णवर्णीय तरुणांसाठीचा विभाग मेरी मॅक्लिऑड बेथ्यून या कृष्णवर्णीय शिक्षिकेच्या हाती होता. त्या काळात ही छोटी गोष्ट नव्हती.

सगळंच जमलं असं नाही. वेस्ट व्हर्जिनियातल्या खाणमजुरांसाठी त्यांच्या आग्रहाने आर्थरडेल ही नवी वसाहत बांधली गेली. घरं चांगली झाली, पण खर्च हाताबाहेर गेला. तिथे कारखाने टिकेनात. आणि रहिवासी म्हणून निवडले गेले फक्त गोरे. कृष्णवर्णीय मजुरांना दार बंद, आणि ते एलेनॉरबाईंना उघडता आलं नाही. कृष्णवर्णीयांना झुंडीने ठार मारण्याविरुद्धचा कायदा व्हावा म्हणूनही त्यांनी नवऱ्यामागे लकडा लावला. दक्षिणेतल्या सिनेटरांची मतं जातील म्हणून फ्रँकलिनने त्या विधेयकामागे आपलं वजन टाकलं नाही. बायको असण्याची हद्द कुठे संपते हे त्यांना तेव्हा नेमकं कळलं.

एक चिडलेलं पत्र

डिसेंबर १९३८. पॉली मरे नावाची अठ्ठावीस वर्षांची कृष्णवर्णीय तरुणी. तिने नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात पुढच्या शिक्षणासाठी अर्ज केला होता. तिथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. त्याच विद्यापीठात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट आले, मानद पदवी घेतली आणि विद्यापीठाच्या पुरोगामीपणाचं कौतुक करून गेले. पॉली भडकली. तिने राष्ट्राध्यक्षांना सडेतोड पत्र लिहिलं आणि त्याची प्रत एलेनॉरबाईंना पाठवली. थोड्याच दिवसांत विद्यापीठाचं उत्तर आलं. नकार, कारण वर्ण.

राष्ट्राध्यक्षांच्या बाजूने एका खात्याचं कोरडं पत्र आलं. एलेनॉरबाईंनी मात्र स्वतः सही करून उत्तर दिलं. तुझं दुःख समजतं, पण बदल हळूहळू होतो, फार जोर लावू नकोस, असा त्याचा सूर. तुम्ही पॉलीच्या जागी असता तर? मी तर ते पत्र फाडलं असतं. पॉलीने फाडलं नाही आणि ऐकलंही नाही. ती पुन्हा लिहीत राहिली, भांडत राहिली. एलेनॉरबाई उत्तरं देत राहिल्या, तिला घरी चहाला बोलावू लागल्या.

१९४२मध्ये या दोघींची परीक्षा झाली. व्हर्जिनियातला ओडेल वॉलर हा कृष्णवर्णीय वाटेकरी शेतकरी. गव्हाच्या वाट्यावरून झालेल्या भांडणात त्याच्या हातून गोरा जमीनमालक मारला गेला आणि त्याला फाशी, म्हणजे तिकडच्या रीतीने विजेच्या खुर्चीची शिक्षा झाली. ज्युरी निवडले होते ते मतदानाचा कर भरू शकणाऱ्यांतून. म्हणजे गरीब माणसाच्या बरोबरीचं तिथे कुणीच नाही. पॉली त्याच्यासाठी देशभर फिरली. शेवटच्या दिवशी एलेनॉरबाईंनी व्हाइट हाउसमध्ये पुन्हा पुन्हा शब्द टाकून पाहिला. उपयोग झाला नाही. संध्याकाळी पॉली आणि तिचे सहकारी फोनभोवती जमले होते, आणि आपल्याला काही करता आलं नाही हे सांगायला बाई स्वतः फोनवर आल्या. २ जुलैला सकाळी वॉलरला मारण्यात आलं.

देशातल्या सर्वांत बलाढ्य माणसाच्या बायकोला एका शेतकऱ्याचा जीव वाचवता आला नाही. ती बातमी दुसऱ्या कुणाकडून कळवून त्या मोकळ्या होऊ शकल्या असत्या. पण त्या स्वतः फोनवर आल्या. माझ्या मते पॉलीची मैत्री तुटली नाही ती त्यामुळे.

आणि 'हळू चला' सांगणाऱ्या एलेनॉरबाईही बदलत होत्या. १९३९मध्ये गायिका मारियन अँडरसन हिला कृष्णवर्णीय म्हणून वॉशिंग्टनमधलं एक सभागृह नाकारण्यात आलं. सभागृह ज्या महिला संस्थेचं होतं, तिच्या एलेनॉरबाई सभासद होत्या. त्यांनी राजीनामा दिला आणि तो आपल्या स्तंभातून जाहीर केला. ९ एप्रिलला अँडरसन लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर गायली. समोर ७५ हजार माणसं होती.

हा स्तंभ म्हणजे 'माय डे'. ३० डिसेंबर १९३५ला सुरू झालेला, आठवड्यातून सहा दिवस. रेल्वेत, विमानात, दौऱ्यावर, आजारपणात तो चालू राहिला. नवरा गेला तेव्हा फक्त चार दिवस खंड पडला. आपण इन्स्टावर सलग महिनाभर पोस्ट टाकू शकत नाही, या बाईंनी जवळपास २७ वर्षं लिहिलं. टीकाही तशीच झाली. त्यांचे दात, आवाज, सतत फिरणं, सगळ्यावर व्यंगचित्रं. एफबीआयने त्यांच्यावर तीन हजारांहून अधिक पानांची फाइल जमवली. ट्रोलिंग तेव्हाही होतंच की.

सही नसलेली सत्ता

१२ एप्रिल १९४५ला फ्रँकलिन गेले. शेवटच्या दिवसांत ल्यूसी त्यांच्या सोबत होती, हे एलेनॉरबाईंना त्यानंतर कळलं. व्हाइट हाउस सोडताना त्यांना वाटलं, आपली गोष्ट संपली. पण त्याच वर्षअखेर नवे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी त्यांना संयुक्त राष्ट्रांतल्या अमेरिकी शिष्टमंडळात नेमलं. शिष्टमंडळात त्या एकट्या बाई. पुरुष सहकाऱ्यांनी त्यांना सामाजिक प्रश्नांच्या समितीवर टाकलं. तिथे काही बिघडायची भीती नाही, असा हिशेब. त्याच वाटेने त्या मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्ष झाल्या.

इथे आपलं एक माणूस भेटतं. भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता, मुंबई प्रांतातून आपल्या संविधान सभेत गेलेल्या आणि एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या कुलगुरू राहिलेल्या. जाहीरनाम्याच्या मसुद्यात सर्व 'मेन' जन्मतः स्वतंत्र आहेत, असे शब्द होते. हंसाबेन म्हणाल्या, याचा अर्थ कुठल्याही देशात फक्त पुरुष असा लावला जाईल. एलेनॉरबाईंना आधी ते पटेना. अमेरिकेत बायका त्या शब्दात स्वतःला धरतात, असं त्यांचं म्हणणं. शेवटी हंसाबेनचा आग्रह टिकला आणि शब्द झाले सर्व मानव. १० डिसेंबर १९४८ला पॅरिसमध्ये जाहीरनामा मंजूर झाला. बाजूने ४८ मतं, विरोधात शून्य, तटस्थ ८. पॉलीच्या पत्रांनंतर पुन्हा एकदा दुसऱ्या एका बाईने त्यांना अडवलं होतं, आणि त्यांनी अडवून घेतलं होतं. १९५२मध्ये त्या भारतात आल्या, फिरल्या आणि परत जाऊन त्या प्रवासावर पुस्तक लिहिलं.

१९६१मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करायला आयोग नेमला. अध्यक्ष एलेनॉर रूझवेल्ट. आणि आयोगाच्या एका समितीवर कायदेतज्ज्ञ म्हणून कोण होतं? पॉली मरे. विद्यापीठाने दार लावलं होतं तीच. ७ नोव्हेंबर १९६२ला एलेनॉरबाई न्यूयॉर्कमध्ये गेल्या. हाइड पार्कच्या गुलाबांच्या बागेत नवऱ्याशेजारी त्यांना दफन केलं. तिथल्याच ग्रंथालयात आज ती पत्रं आहेत. कोट मागणारी, सायकल मागणारी, शिव्या घालणारी, सगळी.

ज्या मुलाला सायकल मिळाली नाही, त्याला त्या नम्र पत्राचं काय करायचं होतं, असं तुम्ही विचाराल. बरोबर आहे. त्याच्यापुरतं ते उत्तर तोकडंच होतं. पण त्याचं पत्र कुणीतरी मोजलं. त्याच्यासारखे किती आहेत हे कुणाच्या तरी उशाशी पोचलं. आणि दोन वर्षांनी कुठल्यातरी कॉलेजात एक मुलगा उंदरांना खायला घालून आपलं शिक्षण पुरं करत होता.

मी तो बंद केलेला मेल पुन्हा उघडला. फी भरणं माझ्या हातात नव्हतंच. तिच्या विद्यापीठात 'कमवा आणि शिका' आहे का, अर्ज कुठे द्यायचा, शिष्यवृत्तीसाठी कॉलेजात कुणाला भेटायचं, हे फोन करकरून शोधायला मला अर्धा दिवस लागला. तेवढं लिहून पाठवलं, आणि याहून जास्त मला करता येत नाही हेही लिहिलं. मग त्या इनबॉक्समध्ये फीबद्दलचे अजून किती मेल पडलेत ते शोधलं. माझ्या एकटीच्या इनबॉक्समध्ये अकरा निघाले. ती यादी आता संपादकांच्या टेबलावर आहे.